कुलपाबाहेरची बासरी

डॉक्टरांचा एक हात रुग्णाच्या तोंडात होता, दुसरा त्याच्या हनुवटीखाली, आणि फोनवरची बासरी संपून एकाएकी ढोल बडवायला सुरुवात झाली होती. रुग्ण खुर्चीत दचकला. डॉक्टर त्याच्याहून जास्त दचकले.

डॉक्टर दातांचे होते. मंद संगीतानं रुग्णाची भीती कमी होते असं त्यांनी कुठंसं वाचलं आणि तेव्हापासून त्यांची स्वतःची भीती वाढली. बासरी संपली की फोन मनाला येईल ते लावायचा. ते थांबवायचं तर हातमोजे काढा, हात धुवा, पुसा, फोन उघडा, पुन्हा हात धुवा, नवे मोजे चढवा. त्यात फोन उघडायला बोटाचा ठसा लागायचा, आणि दिवसभर मोज्यात राहून डॉक्टरांची बोटं इतकी सुरकुतायची की फोन त्यांना ओळखच दाखवायचा नाही.

"मला पासवर्ड सांगून ठेवा ना," हातातला ट्रे आपटत मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस. "मी बंद करीन. ह्या माणसाला किती वेळ आ करून बसवायचं?"

"नको, नको," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "राहू दे. ढोलही चांगलाच आहे."

पासवर्ड न देण्याचं कारण होतं, आणि ते मावशींना कळता कामा नये असं होतं. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या डॉक्टरांना स्वतःचं तोंड काही उघडता येत नसे. जन्मात त्यांनी कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. कुणाला काही सुनावायचं असलं की ते आधी गाडीत काचा लावून बसत आणि सगळं बोलणं फोनमध्ये रेकॉर्ड करत. मग ऐकत, सुधारत, पुन्हा बोलत. तालीम अगदी पक्की झाली की त्यांना इतकं हलकं वाटे, की त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलायची गरजच उरत नसे. वरच्या मजल्यावर रात्रंदिवस फर्निचर सरकवणाऱ्या शेजाऱ्याला, रोज उशिरा येणाऱ्या मावशींना, अशा सगळ्यांना त्यांनी गाडीत बसून सोलून काढलं होतं.

सध्या तालीम चालू होती ती सासऱ्यांची.

सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त वकील. कोर्ट सुटलं होतं, वाद सुटला नव्हता. राहायला ते मुलाकडे होते, पण गेल्या आठवड्यात त्यांनी फोन करून सांगितलं होतं, की रविवारपासून मी मुलीकडे येतोय, कायमचा.

"तू सांग त्यांना," बायको डॉक्टरांना म्हणाली होती.

"मी? अगं, वडील तुझे आहेत."

"म्हणूनच. मुलीनं बापाला येऊ नका म्हणायचं? चांगलं दिसेल का ते? शुक्रवारी कवळीचं माप द्यायला येतायत ना तुझ्याकडे? तेव्हा सांग."

"तोंडात माप असताना?"

"त्याहून चांगली वेळ मिळणारेय का तुला? तेवढा वेळ तरी ते बोलणार नाहीत. आणि हे बघ, माझं नाव मध्ये आणायचं नाही."

तर शुक्रवार जवळ येत होता, तालीम रोज चालू होती आणि फोन कुणाच्या हाती देण्यासारखा उरला नव्हता. ढोलाची हकीकत त्यांनी घरी सांगितली तेव्हा त्यांच्या मुलीनं पुस्तकातून मान वर केली.

"बाबा, लॉक स्क्रीनवर कंट्रोल घे ना. फोन बंद असला तरी वरच बटणं दिसतात. पॉज, पुढचं, मागचं. कुणीही दाबू शकतं, पासवर्ड लागतच नाही."

डॉक्टरांना हे म्हणजे देवानंच सांगितल्यासारखं वाटलं. फोन कुलपात राहील, बासरी कुलपाबाहेर राहील, आणि मावशींचं तोंडही बंद होईल. जेवण झाल्यावर ते चष्मा लावून बसले.

आता ही सोय 'आवाज' या सदरात असावी असं कुणालाही वाटेल. ती तिथं नव्हती. 'स्क्रीन'मध्येही नव्हती. 'स्क्रीन'मध्ये त्यांनी जे काही दाबलं त्यानं घड्याळ तेवढं विटेएवढं मोठं झालं. 'सुलभता' नावाचं एक सदर होतं. नाव आश्वासक वाटल्यामुळे त्यांनी तिथं हात घातला, तर फोन पडद्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचायला लागला. तो आवाज बंद कसा करायचा हेही तो वाचून दाखवत होता, पण इतक्या घाईनं की काही समजेना. बायकोनं दुसऱ्या खोलीतून विचारलं, "कोण आलंय?" शेवटी मुलीनंच फोन हातातून काढून घेतला, 'सूचना'मध्ये जाऊन दोन ठिकाणी टिचकी मारली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"तुझं गाण्याचं ॲपच जुनंय रे. ते लॉक स्क्रीनवर येतच नाही. हे दुसरं टाकते. ते विचारेल तिथं बघून काय ते सांग, मला उद्या परीक्षा आहे."

नव्या ॲपनं विचारलं, फोनमधल्या फाइल्स पाहू का? डॉक्टरांनी 'हो' दाबलं. सगळे आवाज एकत्र करू का? हो. एकामागून एक आपोआप लावू का? हो. स्पीकर स्वतः शोधून जोडू का? हो. फोनलासुद्धा 'नाही' म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्या वेळी त्यांना ते उमगलं नाही. कारण पडदा विझून पुन्हा उजळला तेव्हा त्यावर खरोखरच बासरीचं चित्र होतं आणि चित्राखाली तीन टपोरी बटणं होती. डॉक्टरांनी ती आळीपाळीनं दाबून पाहिली. कितीतरी दिवसांनी काहीतरी त्यांच्या सांगण्याप्रमाणे वागत होतं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. ती शेवटचीच.

शुक्रवारी अप्पा वेळेआधी आले. बाहेरच्या बाकावर गाल सुजलेल्या एक शिंपीणबाई बसल्या होत्या. गाल नक्की कोणत्या बाजूनं सुजला आहे यावर अप्पांनी त्यांच्याशीही थोडा वाद घातला आणि मग ते खुर्चीत येऊन बसले.

"डॉक्टर, ही तुमची खुर्ची फार मागे जाते. पाठीच्या दृष्टीनं हे चूक आहे."

"हो अप्पा."

"हो काय? चूक आहे तर बदला. किंवा चूक नाही असं म्हणा."

"हो अप्पा. आ करा."

बासरी सुरू होती. फोन कपाटावर उभा करून ठेवला होता. गुलाबी लगद्यानं भरलेला साचा डॉक्टरांनी अप्पांच्या वरच्या हिरडीवर बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. हा लगदा घट्ट होईपर्यंत साचा केसभरही हलवायचा नसतो. हलला तर माप वाया जातं, आणि फारच हलला तर लगदा घशाकडे सरकतो. म्हणजे अप्पांना बोलता येत नव्हतं आणि डॉक्टरांना हात काढता येत नव्हता. बोलायची वेळ हीच होती. डॉक्टरांनी घसा खाकरला.

"अप्पा, मला तुमच्याशी थोडं..."

बासरी संपली, आणि दवाखान्यात डॉक्टरांचाच आवाज घुमला.

"मावशी, बसा. आज स्पष्टच बोलतो. तुम्ही उशिरा येता. रोज येता."

डॉक्टर गारठले. मावशी हातातला पेला तसाच धरून फोनकडे पाहत राहिल्या.

"कारण विचारलं की रोज नवीन. तुमच्या त्या भाच्याचं लग्न या वर्षात किती वेळा झालं, मावशी?"

"बंद करा!" खरे डॉक्टर ओरडले. "मावशी, ते पुढचं बटण, नाही, मधलं, मधलं दाबा!"

पण त्यांच्या तोंडून 'पुढचं' आधी निघालं होतं आणि मावशींनी आयुष्यात पहिल्यांदाच तत्परता दाखवली होती. पडद्यावर नवीन नाव आलं. मावशींनी ते मोठ्यानं वाचलं.

"'सासरे, नकार, शेवटचा प्रयत्न.' हे काय गाणं आहे?"

"मावशी, मधलं बटण. हात जोडतो."

हात जोडायला मोकळे कुठं होते? मावशींनी मात्र आपले दोन्ही हात मोकळे केले आणि त्यांची घडी घातली.

"आम्हाला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "आम्ही उशिरा येणाऱ्या बायका."

"अप्पा," फोन सुरू झाला, "घर तुमचंच आहे... छे, 'तुमचंच' नको. वकील आहेत, तो शब्द धरूनच बसतील. पुन्हा. अप्पा, आम्हाला तुमचा आदर आहे. पण तो आदर लांबून जास्त नीट होतो."

अप्पांनी डोळे मोठे केले. "अंअं," ते म्हणाले.

"हलू नका, अप्पा," डॉक्टर केविलवाण्या आवाजात म्हणाले. "घशात जाईल."

हा तर दोघांनाही तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता, आणि मारणारेही डॉक्टरच होते. फोनमधले डॉक्टर तर आता रंगात आले होते. गाडीच्या काचा बंद असल्यामुळे आवाजाला एक भरदारपणा आला होता, जो खऱ्या डॉक्टरांच्या तोंडून चारचौघांत कधी निघाला नव्हता.

"मी चहा केला तर तुम्ही म्हणता, हा चहाच नाही. मागच्या खेपेला मला शिंक आली, तर ती खरी नव्हती हे तुम्ही सिद्ध केलंत. मीही शेवटी ते मान्य केलं! माझ्या घरात मला एक वाक्य पुरं करता येत नाही, अप्पा. सकाळी मी आरशासमोर दाढी करताना पुटपुटतो, तर तुम्ही दाराबाहेरून हरकत घेता!"

"अगदी बरोबर बोलताय, डॉक्टर!" बाहेरून शिंपीणबाईंचा बोबडा आवाज आला. नव्या ॲपनं बाहेरचा स्पीकरही स्वतःहून शोधून जोडला होता.

"मावशी, तुम्ही हवं तेव्हा या," डॉक्टरांचे डोळे पाणावले. "दुपारी या. येऊच नका. पण ते बटण दाबा."

"भाच्याचं बोलायचं कारण नव्हतं," मावशी म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

डॉक्टरांनी लगद्यावर बोट टेकवून पाहिलं. अजून मऊ होता. अप्पांची नजर छताकडे लागली होती. पुढचं सगळं डॉक्टरांना दिसू लागलं. आता अप्पा उठतील, मुलाकडे जातील, तिथून सगळ्या नातेवाइकांना फोन करतील. बायको आयुष्यभर बोलणार नाही. निदान तिचं नाव तरी मध्ये आलं नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि त्याच क्षणी फोननं शेवटचा सूर लावला.

"आणि एक सांगतो. तुमच्या मुलीलाही तुम्ही यायला नको आहात. फक्त तिला ते माझ्या तोंडून वदवायचंय. तर घ्या. नको! नको म्हणजे नको!"

रेकॉर्डिंग संपलं. मग, इतका वेळ कुठं होती कोण जाणे, बासरी सुरू झाली.

लगदा घट्ट झाला. डॉक्टरांनी साचा काढला. माप सुरेख आलं होतं, ते पाहायला कुणालाच उसंत नव्हती. अप्पांनी चूळ भरली, रुमालानं तोंड पुसलं आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. अप्पा गप्प आहेत हे दृश्य डॉक्टर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना ते सहन होईना.

"अप्पा, मी... ते..."

"पुन्हा लावा," अप्पा म्हणाले.

"काय?"

"तेच. शिंकेपासून पुढचं." अप्पा खुर्चीत सरळ झाले होते आणि त्यांच्या गालांवर चक्क लाली आली होती. "सुरुवात कच्ची आहे. आदराचा मुद्दा तर मी उभ्या उभ्या खोडून काढीन. पण शिंक! शिंकेला जोड नाही. आणि शेवट! डॉक्टर, अहो, हे सगळं येतं तुम्हाला?"

"अप्पा, माफ करा. मला तसं म्हणायचं..."

"खबरदार माघार घ्याल तर!" अप्पांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. मग त्यांचा आवाज खाली आला. "मुलाकडे सगळे मला 'हो अप्पा' म्हणतात. मी काहीही बोलतो, मुद्दाम चुकीचं बोलतो, तरी 'हो अप्पा'. आणि मग सगळे आपापल्या खोलीत निघून जातात. संध्याकाळी भिंतीशी बोलायची पाळी येते हो. तुमच्याकडे यायचं ठरवलं खरं, पण मन घेत नव्हतं. म्हटलं, जावई तर त्याहून मुका. दिवस कसे काढायचे?" त्यांनी डॉक्टरांचा मोजा घातलेला हात दोन्ही हातांत घेतला. "आता शंका राहिली नाही. रविवार कशाला? उद्याच येतो."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे डॉक्टर ऐकून होते. तो उद्याच सामान घेऊन येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या अंगात कुठूनसं बळ आलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुठल्याही तालमीशिवाय, समोरच्या माणसाच्या तोंडावर ते ओरडले, "नको, अप्पा! येऊ नका!"

"वा!" अप्पा भारावून म्हणाले. "हेच! रोज संध्याकाळी, जेवणाआधी. सकाळी मी मुलीशी बोलत जाईन. तिचाही मुद्दा आज कळला, तो तिनं स्वतः मांडायला हवा."

ते गेले. जाताना त्यांनी बाकावरच्या शिंपीणबाईंना गाल डाव्या बाजूनं सुजल्याचं मान्यसुद्धा केलं. डॉक्टर मोजे काढून भिंतीला टेकून उभे राहिले. फोन वाजला. लॉक स्क्रीनवर बासरीच्या चित्रावर बायकोचं नाव आलं होतं.

"सांगितलंस का रे अप्पांना?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

"मग? काय म्हणाले?"

"उद्या येतायत."

पलीकडून एक लांब उसासा आला.

"मला माहीतच होतं. तू नीट सांगितलंच नसशील."

"सांगितलं गं," डॉक्टर म्हणाले आणि हळूच खाली, रुग्णाच्या खुर्चीत बसले. "इतकं नीट सांगितलं, की त्यांना ते आवडलं."