कॅमेऱ्याची हरवलेली दहा मिनिटं

कॅमेरा रोज दहा वाजले की बाटल्या गिळतो, ही बातमी कारखानाभर झाली तेव्हा सगळ्यांनी कॅमेरेवालीकडे पाहिलं. तिला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते आणि नावावर नऊ लेट मार्क होते. दहावा पडला की घरी, असा घंटासाहेबांचा नियम होता. गेटवर फोन जमा करायच्या रांगेतच आपली मिनिटं जातात, असं ती बिचारी समजून चालली होती.

घंटासाहेब म्हणजे मॅनेजर. वेळेचा त्यांना इतका पुळका की लोकांनी हे नाव पाडलं होतं. अर्थात त्यांच्या माघारी.

पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या सरकत, सेकंदाला एक. वरचा नवाच बसवलेला कॅमेरा प्रत्येकीचा फोटो वायरीतून कॉम्प्युटरला पाठवी आणि टोपण नसलेली बाटली बाजूला ढकलली जाई. पण दहाच्या पुढे सहाशे बाटल्या जायच्या आणि त्यांचे फोटोच सापडायचे नाहीत. त्यातल्या काही बोडक्या बाटल्या गिऱ्हाइकाकडे पोचल्या, खोकी चिकट झाली, आणि आता तिकडून तपासनीस बाई येणार होती.

"वायर बदलली?" घंटासाहेबांनी विचारलं.

"दोनदा बदलली, साहेब," कॅमेरेवाली म्हणाली.

"मग आता माणूस बदलावा लागेल."

"अहो, कॅमेरा चहाला जात असेल," वायरमनकाका म्हणाले. "त्या सुमाराला सगळेच जातात."

साहेबांनी ते मनावर घेतलं. चहाच्या किटलीमुळे कॅमेऱ्याला वीज कमी पडते असं ठरवून त्यांनी किटलीच बंद केली. त्याने फोटो आले नाहीत, पण तीसेक माणसं कॅमेरेवालीशी बोलेनाशी झाली. मग मोटरपासून लांब म्हणून वायर दारातून फिरवली. तिच्यात पाय अडकून साहेब टोपणांच्या पिंपात जाऊन बसले. त्यांना बाहेर काढायला काका जरा सावकाशच गेले.

तपासनीस बाई आली त्या दिवशी कॅमेरेवालीने कॉम्प्युटरला बजावून ठेवलं होतं, आज एकही फोटो फेकून द्यायचा नाही. दहा वाजले आणि पडद्यावरची यादी दोघींनी पाहिली. एका बाटलीवर वेळ होती दहा. तिच्या पाठच्या बाटलीवर नऊ पन्नास.

"ही मागची बाटली पुढचीच्या आधी येऊन गेली?" बाईंनी विचारलं.

"कॉम्प्युटरलाही तसंच वाटतं. मागची वेळ दिसली की तो जुना फोटो समजून फेकून देतो. परत दहा वाजेपर्यंत फेकतच राहतो."

"आणि वेळ मागे नेतं कोण?"

कॅमेऱ्याची वेळ यायची साहेबांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरून. दोघी निघाल्या, आणि मजा बघायला काकाही. पाहुणी आली म्हणून साहेब नेम मोडणाऱ्यांतले नव्हते. माउस हातात धरून ते बसलेच होते.

"काय करताय साहेब?"

"काही नाही, घड्याळ लावतोय. सकाळी दहा मिनिटं पुढे करतो, म्हणजे माणसं वेळेवर येतात."

"आणि आता मागे?" बाईंनी विचारलं.

"नाहीतर संध्याकाळी लवकर पळतील ना." शाबासकीची वाट बघत साहेब हसले.

"अकरा वर्षं मी अर्धी दाढी करून येतोय," काका म्हणाले.

कॅमेरेवाली मनात हिशेब करत होती. साहेबांना उघडं पाडायचं म्हणजे दहावा मार्क स्वतःच्या हाताने लावून घ्यायचा. पण हजेरीचं मशीनही याच कॉम्प्युटरवर चालत होतं, हे तिच्या लक्षात आलं. तिचे नऊ मार्क तिला तोंडपाठ होते. चार मिनिटं, सहा, पाच, सात. दहाच्या वर एकही नव्हता.

"साहेब," ती म्हणाली, "मी एकदाही उशिरा आले नव्हते."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीचं पान उलटलं. "मला फोटोही पूर्ण हवेत आणि वेळही खरी हवी. दोन्ही दुरुस्त केल्याचं लेखी द्या, मग मालाचं बोलू."

साहेबांनी लेखी दिलं. नऊ मार्क त्यांनी स्वतः खोडले, दात काढून घ्यावा तसा चेहरा करून. घड्याळ सरळ केल्यावर हजार बाटल्या सोडल्या, हजार फोटो आले. चहा सुरू झाला, लोक बोलू लागले आणि कॅमेरेवाली आनंदाने रडली. संध्याकाळी तिला नोकरीत कायम केल्याचं पत्र मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तिला हलवत होती. "अगं, ऊठ ना."

"झोपू दे गं. आता दहा मिनिटं आहेत माझ्याकडे."

हजेरीच्या मशीनपाशी साहेब स्वतः उभे होते. तिने बोट टेकवलं. नऊ वाजून चार मिनिटं. साहेबांनी आधी मशीन पाहिलं, मग मनगटावरचं घड्याळ, मग भिंतीवर नुकतंच टांगलेलं. तिन्हींत नऊ वाजून चारच मिनिटं झाली होती. रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"एक," ते म्हणाले आणि वही पुढे केली. "करा सही."

तिने झोकात सही केली.

"हा माझा हं, साहेब. आधीचे नऊ तुमचे होते."