गावडेकाकांची मांडणी

आमच्या चाळीत अंड्यांचा रिकामा ट्रे कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचतच नाही. वाटेत गावडेकाका असतात. लालबागची जुनी चाळ, लांबलचक गॅलरी आणि काकांची खोली अगदी जिन्याच्या तोंडाशी. कोण काय टाकायला निघालंय ते त्यांना बसल्या जागेवरून दिसतं. "टाकू नको गो, इकडे दे," अशी हाक येते आणि मिठाईचा खोका, मोडकी छत्री, मच्छरदाणीची काठी, मखराचा उरलेला पुठ्ठा, जे काय असेल ते त्यांच्या खाटेखाली जातं.

एकदा मी नवऱ्याची जुनी बॅडमिंटनची रॅकेट टाकायला निघाले होते. काकांनी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हिच्यावर कानातली काय झकास लटकतील!"

"पण काका, तुम्ही कानातली कुठे विकता?"

"मी नाय विकत. तू विकायला लाग."

काकांची सगळी नोकरी शिवडीच्या एका गोदामात गेली. आयुष्यभर त्यांनी खोक्यांवर खोके रचून घेतले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, पत्ते कुटतात. काका आमच्या प्रदर्शनात आले. दादरला एका शाळेच्या हॉलमध्ये अधूनमधून बायकांच्या हस्तकलेचं प्रदर्शन भरतं. मी तिथे कापडी पिशव्या विकते. माझ्या शेजारचं टेबल सुलभाकाकींचं, म्हणजे गावडेकाकांच्या बायकोचं. काकी चिंध्यांच्या बाहुल्या शिवायच्या. कोळीण, भाजीवाली, फुगडी घालणाऱ्या दोघी. त्यांची कोळीण अशी ठसक्यात उभी असायची की भाव करायची भीती वाटावी. काका तेव्हा फक्त पिशवी उचलायला यायचे.

मग काकींना झटका आला आणि उजवी बाजू गेली. जिना उतरणं बंद झालं. काही महिन्यांनी त्यांनी डाव्या हातात सुई धरली, आणि प्रदर्शनात काकींच्या खुर्चीवर काका येऊन बसले. अख्ख्या हॉलमध्ये एकटा पुरुष.

डाव्या हाताच्या बाहुल्या कशा होत्या ते सांगायलाच हवं. कोळणीचा एक डोळा दादरकडे, दुसरा शिवडीकडे. मान खांद्यावर पडलेली. टोपली डोक्यावरून घसरून कानावर आलेली. टेबलावर उभी केली की ती क्षणभर विचार करायची आणि तोंडावर पडायची.

म्हणून काका मांडणीच्या मागे लागले. "सपाट टेबलावर माल झोपतो," ते मला शिकवायचे. "गिऱ्हाईक झोपलेल्याला उठवत नाय. उंची पायजे, उंची!" अंड्यांचे ट्रे उलटसुलट रचून त्यांनी पायऱ्या केल्या, वर काकींची जुनी साडी पसरली आणि प्रत्येक बाहुली कमरेपर्यंत एकेका खळग्यात रोवली. बाहुल्या उभ्या राहिल्या. काका दोन पावलं मागे जाऊन बघत म्हणाले, "एक पैसा लागला नाय!" लांबून मात्र त्या कमरभर पाण्यात अडकल्यासारख्या दिसत होत्या.

पुढच्या वेळी छत्री आली. कापड काढून टाकलेला सांगाडा, वेळूच्या काठीवर बसवलेला. प्रत्येक काडीला एक बाहुली, आणि मान सरळ राहावी म्हणून डोक्याला दोरा बांधलेला. फारच सुंदर दिसत होतं. तेवढ्यात कोणीतरी पंखा लावला. छत्री फिरू लागली, बाहुल्या फिरू लागल्या आणि त्यांच्या पाठी दिसू लागल्या. पाठीवर टाक्यांचा नुसता गुंता. काका धावत गेले आणि त्यांनी पंखा बंद केला. समोरच्या लोणच्यावाल्या बाईंनी लावला. काकांनी बंद केला. दुपारपर्यंत हे चाललं. मे महिना होता. घामाने निथळणारा सगळा हॉल काकांना शिव्या देत होता, आणि काका बटणापाशी पहारा करत उभे.

"ही छत्री केवढ्याला?" एका बाईंनी विचारलं.

"छत्री विकायची नाय. बाहुली घ्या."

"बाहुली नको हो. छत्री मस्त आहे."

दर वेळी हेच. लोक ट्रेचं कौतुक करत, मांडणीचे फोटो काढत, "काका, यूट्यूबवर टाका," म्हणत आणि पुढे जात. मला हसू यायचं, पण ते टिकायचं नाही. कारण काका प्रत्येक फोटोसाठी बाजूला सरकून उभे राहायचे, आणि फोटो झाला की आशेने पुढे यायचे.

"गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये," हे त्यांचं दुसरं वाक्य. म्हणून मग भेटवस्तू. चाळीत आलेल्या जुन्या लग्नपत्रिका कापून ते पुस्तकात ठेवायच्या खुणा करायचे. पुढे सोनेरी गणपती, भोक पाडून रेशमी दोरा. मागे अर्धवट मजकूर तसाच. एका आजोबांनी ती खूण नाकाजवळ धरून वाचली आणि विचारलं, "मुलगी तुमची का? पण कार्यालयाचा पत्ता कापला गेलाय." काकांनी त्यांना दुसरी खूण दिली. त्यावर नुसतं 'आहेर आणू नये' एवढंच होतं.

इथपर्यंत मी हसत होते. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की काका खुणांबरोबर बाहुल्याही देतायत. काही न घेणाऱ्यांनाही. माझ्याकडून पिशवी घेतलेल्या बाईला अडवून म्हणाले, "हिच्या पिशवीवर ही बाहुली फ्री." बाईंनी हसून घेतली. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला गेले, तर कोळीण पाण्याच्या टाकीवर बसवलेली. ओली झाली होती. माझ्या मागून काका आले. त्यांनी ती उचलली, रुमालाने पुसली आणि परत जाऊन पुढच्या माणसाच्या हातात ठेवली.

"काका, फुकट का वाटताय?" मी विचारलं.

"पिशवी रिकामी न्यावी लागते घरी," ते पत्रिका कापत म्हणाले. "पैसे माझ्या खिशातले देतो. पण ती आधी पिशवी बघते. मग माझं तोंड."

त्याच आठवड्यात मी काकींना भेटायला गेले. त्या खाटेवर बसून शिवत होत्या. कापड गुडघ्यात दाबलेलं, दोरा दातात, डाव्या बोटांना चिकटपट्ट्या. "बघ गो शुभा," त्या म्हणाल्या. झटक्यानंतर त्यांची जीभ जरा जड झाली होती, पण चेहरा कसा उजळला होता! "हात चांगला होता तेव्हासुद्धा एवढ्या खपत नव्हत्या. आता एकपण परत येत नाय. डॉक्टर म्हणतो विश्रांती घ्या. घेऊ कशी? मागणी केवढी वाढलीय!"

काका दारात उभे राहून भिंतीकडे बघत होते. त्यांनी खोटं बोलावं, त्या खोट्यापायी काकींनी आणखी शिवावं, आणि आणखी शिवलेलं खपवायला काकांनी आणखी खोटं बोलावं. यातून दोघं बाहेर कशी पडणार? मी चहा पिऊन उठले.

पुढे रेगेबाईंनी काकांना बोलावलं. प्रदर्शन त्याच भरवतात. वाईट बाई नव्हे, पण हॉलचं भाडं त्यांच्या डोक्यावर. "काका, तुम्ही असं फुकट वाटलंत तर बाकीच्या बायकांनी काय करायचं? लोक माझ्याकडे येऊन विचारतात, आणखी काय फुकट आहे? आता एकही वाटलीत तर टेबल मिळणार नाही."

काका "बरं" म्हणाले. आणि घरी आले तर काकी सांगतायत, "ह्या वेळी मीपण येते. माझं गिऱ्हाईक मला बघायचंय."

काकांनी सगळं करून पाहिलं. जिना अरुंद आहे, दादरला गर्दी असते, हॉलमध्ये पंखे चालत नाहीत. काकी ऐकेनात. तेव्हा काका खाटेखालचं सगळं बाहेर काढून कामाला लागले. त्यांनी मिठाईच्या खोक्यांची चाळ केली. खोक्यावर खोका, प्रत्येक खोली उघडी, पुढे आइस्क्रीमच्या काड्यांचा कठडा, दोऱ्यावर वाळत घातलेले इवले कपडे. प्रत्येक दारात एक बाहुली कठड्याला टेकवलेली. आणि काय सांगू, तिथे त्या वाकड्या दिसेचनात! मान पडलेली कोळीण खाली वाकून कोणाला तरी हाक मारत होती. एक डोळा भलतीकडे असलेली भाजीवाली शेजारणीच्या घरात डोकावत होती. आयुष्यात कोणी केली नसेल अशी मांडणी काकांनी केली होती.

शेजाऱ्यांनी काकींना खुर्चीसकट खाली उतरवलं. टॅक्सी केली. काकी ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. हॉलमध्ये खोक्यांची चाळ बघून त्यांनी काकांच्या हातावर थोपटलं आणि टेबलामागे बसल्या.

लोक आले. गर्दी झाली. "किती क्यूट!" म्हणून फोटो काढले, चाळीसमोर उभं राहून स्वतःचे काढले, आणि गेले. सकाळ गेली, दुपार गेली. एका लहान मुलीने कोळीण उचलली. तिची आई म्हणाली, "ठेव ते. मान तुटलीय तिची."

"तुटली नाय," काका घाईने म्हणाले. "ती खाली वाकून बघतेय... तिथे दारात ठेवली ना, की..." त्यांचा आवाज बारीक होत गेला. मायलेकी पुढे गेल्या होत्या.

मी पर्स उघडली. काकींनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "तू नको घेऊ," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी काकांनी चाळ मोडली आणि बाहुल्या एकेक करून पिशवीत भरल्या. पिशवीचा बंद लागेना. टॅक्सीत मी पुढे बसले, ती दोघं मागे. काकांच्या मांडीवर पिशवी.

"वाटत होतात?" काकींनी विचारलं.

"हो."

"फुकट?"

"हो."

"घेत होते तरी?"

काकांनी पिशवीचा बंद ओढून पाहिला. मग म्हणाले, "काही जण."

परळच्या सिग्नलला टॅक्सी थांबली. काकी म्हणाल्या, "मी आता नाय शिवणार." चिडून नाही, सांगून टाकावं तसं.

मला वाटलं, चला, सुटली दोघं. डॉक्टर म्हणतोय ती विश्रांती मिळेल, काकांची वणवण संपेल. मी आरशात पाहिलं. काका पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसले होते, गर्दीत कोणी हिसकावून नेईल म्हणून धरावी तशी.

"मग मी काय मांडू?" ते म्हणाले.

सिग्नल सुटला. काकी खिडकीबाहेर बघत होत्या. चाळीच्या तोंडाशी टॅक्सी वळली तेव्हा त्या काकांकडे न बघताच म्हणाल्या,

"उद्या कापड आणा. लाल नको. लाल फार झालं."