सही जुळत नाही

आमच्या पिंपरी शाखेतले दिगंबर पोतनीस माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नसत, सहीवरून ओळखत. एकदा चिंचवडच्या मंडईत मी त्यांना नमस्कार केला, तेव्हा विजेचे मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहत राहिले. आम्ही सहा वर्षे एकाच खोलीत काम करत होतो. शेवटी मी भाजीच्या पुडीवर सही करून दाखवली.

"अहो, तुम्ही होय," ते म्हणाले. "सहीवरून मला वाटायचं, तुम्ही उंच असाल."

बँकेत त्यांचे काम एकच: धनादेशावरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहणे. त्यांचे टेबल कपाटामागे होते. तेथून गिऱ्हाईक दिसत नसे, आणि ते दिसावे अशी त्यांची इच्छाही नसे. "चेहरा बघितला की दया येते," ते म्हणत, "आणि दया आली की बँक बुडते."

व्यवस्थापकांचा धनादेशही त्यांनी एकदा परत केला. "साहेबांचा उपास दिसतो. सही पोटातून आलेली नाही." त्या दिवशी चतुर्थी होती. एकदा अंगात ताप असताना त्यांनी स्वतःच्याच खात्याची स्लिप भरली, ताडून पाहिली आणि 'सही जुळत नाही' असा शेरा मारून स्वतःलाच परत केली. शेऱ्याखालची सही मात्र तंतोतंत जुळत होती. आसपासच्या कारखान्यांच्या पाळ्यांचे वेळापत्रक त्यांच्या खणात असे. तिसरी पाळी करून आलेल्या कामगाराची सही डुलते. तेवढी ते माफ करत. त्यापलीकडे माफी नव्हती.

ऐंशी सालानंतर पुण्याच्या मुख्य कचेरीत संगणक आला. परत केलेल्या प्रत्येक धनादेशाची माहिती तिकडे जाऊ लागली आणि दर सोमवारी भोके पाडलेल्या रुंद कागदांचा गठ्ठा येऊ लागला. एका खात्यावर सही तीनदा जुळली नाही, की त्यापुढे चांदणी छापून येई. चांदणीचे खाते बंद. ती काढणे शाखेच्या हाती नव्हते. पोतनिसांना संगणक फार आवडला. "आयुष्यात प्रथमच," ते म्हणाले, "माझ्यासारखा विचार करणारा कोणी भेटला."

सखाराम ओव्हाळ या खातेदाराच्या नावापुढे चांदणी आली, त्याच आठवड्यात तो स्वतः खिडकीशी उभा राहिला. कुरुळीचा राहणारा, भोसरीच्या कारखान्यात प्रेसवर कामाला. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत बांधलेला होता. तीन बोटे प्रेसखाली गेली होती. तीन आठवडे त्याने डाव्या हाताने सही करून बायकोकडून धनादेश पाठवले होते, आणि पोतनिसांनी कपाटामागून तिन्ही परत केले होते.

रोखपालाने हाक मारली, "पोतनीसराव, जरा बाहेर या."

ते आले. त्या हाताकडे त्यांनी पाहिले. इतका हादरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. माझीही स्थिती बरी नव्हती. धनादेश परत करण्याच्या शेऱ्यावर दोन सह्या लागत, आणि तिन्हींवर दुसरी सही माझी होती.

आम्ही मुख्य कचेरीला सारे कळवले. पुण्याहून उत्तर आले: पंधरा दिवसांत दोन अधिकाऱ्यांसमोर तीन एकसारख्या सह्या द्याव्यात, अथवा खाते अंगठ्याचे करावे. मी ओव्हाळला अंगठा सुचवला.

"न्हाई साहेब. माझ्या बापानं जन्मभर अंगठा लावला. आमच्या घरात सही करणारा मी पहिला."

"लावा की एकदाचा," त्याची बायको म्हणाली. "पगार अडकलाय. डब्यात पीठ न्हाई."

"उसनं आण. अंगठा न्हाई."

त्यानंतर पोतनीस रोज पाच वाजता नाहीसे होऊ लागले. चाकणच्या गाडीत त्यांना पाहिल्याचे शिपायाने सांगितले. कुरुळी त्याच वाटेवर. चांदणीच्या खातेदाराशी सही तपासणाऱ्याने बाहेर भेटणे हा गंभीर प्रकार होता. खातरजमा करणे माझे कर्तव्य होते. मी कुरुळीस गेलो.

ओव्हाळच्या ओट्यावर दोन पाट्या होत्या. एकीवर ओव्हाळ डाव्या हाताने सही गिरवत होता. दुसरीवर पोतनीस, तेही डाव्या हाताने, स्वतःची.

"घाई नको, ओव्हाळ. 'स'ला श्वास घेऊ द्या."

"भाऊ, ह्यांच्यापरीस तुमचंच अक्षर वंगाळ हाय," बायको आतून म्हणाली.

"असू द्या, वहिनी. मला पंधरा दिवसांची अट नाही."

पोतनिसांना मी कोणाला 'वहिनी' म्हणताना ऐकले नव्हते. चिंचवडला ते एका खोलीत एकटे राहत. त्यांच्याकडे कधी कोणी आल्याचे कोणास ठाऊक नव्हते. मी ओट्याशी न जाता परतीची गाडी धरली. अहवाल लिहिला नाही.

पंधराव्या दिवशी ओव्हाळने माझ्या टेबलावर तीन सह्या केल्या. पहिल्या दोन जुळल्या. तिसरीच्या शेवटी हात घसरला आणि अक्षर रेघेखाली गेले. ते आंधळ्यालाही दिसले असते. खिडकीपलीकडे त्याची बायको उभी होती.

पोतनिसांनी कार्ड ओढले, 'जुळते' असे लिहिले, सही केली आणि कार्ड माझ्यापुढे सरकवले. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी नजर वळवली नाही. मीही सही केली. माझ्या साऱ्या नोकरीतली ती एकच खोटी नोंद.

पुढच्या सोमवारी गठ्ठ्यात चांदणी नव्हती.

पोतनिसांचे कुरुळीला जाणे मात्र थांबले नाही. दर रविवारी ते चाकणची गाडी धरत. कधी हातात खाऊचा पुडा असे. एकदा मी कारण विचारले.

"सराव मोडता कामा नये," ते म्हणाले.

कोणाचा, हे मी विचारले नाही.