हवा सौजन्य

चेनकव्हर

सायकल घरी येऊन एकच रात्र झाली होती, तोच धम्मदीप पेंटर रंगाचे डबे घेऊन करुणाच्या दारात उभा राहिला.

"ताई, सायकल जरा बाहेर काढता का? थोडं लिहायचं हाय."

करुणा शिलाई मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला. "आता काय लिहायचं ऱ्हायलं रे? चेनकव्हर भरून टाकलंस की कालच."

ते खरंच होतं. चेनकव्हरवर पिवळ्या अक्षरांत झळकत होतं: 'सप्रेम भेट. नामाजी कृषी सेवा केंद्र. बियाणे, खते, गोगलगायीचे औषध.' खाली मोबाइल नंबर. जिला भेट दिली त्या पोरीचं नाव त्यात नव्हतं, पण गोगलगायीच्या औषधाचं होतं.

करुणाची पल्लवी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. गावातली शाळा सातवीलाच संपते. पुढची शाळा पुसेगावला, आणि एसटी येते ती तिथली घंटा होऊन गेल्यावर. करुणाचा नवरा प्रमोद दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर. पहाटे जाणारा माणूस पोरीला कुठून सोडणार? सरकारी सायकल मिळते म्हणतात, पण कधी, ते कोणी म्हणत नाही. सरळ हिशोब होता. सायकल असेल तर आठवी. नसेल तर घरी बसून काजं-बटणं.

म्हणून हेडसरांनी गावाला हाक दिली आणि गावानं दिली. हे करुणा कधी नाकारायची नाही. तिची तकलीफ दिल्यानंतरच्या गोष्टींची होती.

कालच्या सत्काराचंच घ्या. पाहुण्यांचे हार पल्लवीनंच ताटात धरून उभं राहायचं, पाणी तिनंच द्यायचं, आणि जे भाषण करून ती पहिली आली ते करायची वेळ आली तेव्हा नामाजी घड्याळाकडे बघून म्हणाले, "पोरी, जेवणं खोळंबली. तू नुसते आभार मान." मग पल्लवीनं आभार मानले. सगळ्यांचे. एकेकाचं नाव, प्रत्येक नावामागं 'आदरणीय', असा खणखणीत आवाज की शाळेचं पत्र्याचं छप्पर थरथरलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. कारण ज्यांची नावं माइकवर आली त्यांनी जेवायच्या आधी सायकलीभोवती चक्कर मारून पाहिली, आणि त्यांना फक्त नामाजी दिसले.

घंटी

धम्मदीपच्या मागून ज्ञानबा आले. किराणा दुकान चालवतात. लोक त्यांना ग्यानबा म्हणतात.

"करुणा, घंटी मी दिली का न्हाई?"

"दिली की, काका."

"मंग तिच्यावर नामाजीचं नाव काहून असावं?"

"नामाजीकाकाचं नाव घंटीवर नाहीच की!"

"माझंबी न्हाई! बघणाऱ्याला वाटंल, चेनकव्हर ज्याचं, घंटीबी त्याचीच."

"काका, घंटी केवढी! तिच्यावर नाव मावतं का?"

"मोबाइल नंबरबी मावतो," धम्मदीप बारीक ब्रश काढत म्हणाला. "म्या एकदा चमच्यावर लिहून दिला होता."

हे या गावाला नवं नव्हतं. शाळेतल्या पिंपावर, खिचडीच्या पातेल्यावर, पातेल्याच्या झाकणावर वेगवेगळ्या माणसांची नावं आहेत. झाकण भलत्या पातेल्यावर बसलं की भांडण होतं. चौथीच्या वर्गातला पंखा एकावरच ठेवायचा, कारण जोरात फिरला की पात्यावरचं नाव वाचता येत नाही, अशी देणाऱ्याची तक्रार आहे. पोरं उकाड्यात नाव वाचत बसतात.

टोपली, मडगार्ड, सीट, स्टँड

दुसऱ्या दिवशी माजी सरपंच सत्यभामाबाई आल्या. पुढची टोपली त्यांची. टोपली जाळीची, अक्षर बसेना. मग टोपलीला पत्र्याची पाटी ठोकली. पाटी एवढी रुंद की हँडल वळवलं की पल्लवीच्या गुडघ्याला लागायची.

"सवय होईल," सत्यभामाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दोन्ही मडगार्डं गेली. चौथ्या दिवशी सीट. सीटवर लिहिलं तर पोरगी त्याच्यावर बसणार, म्हणजे नावाचा अपमान, म्हणून सीटच्या मागं. स्टँडवर ज्यांचं नाव आलं त्यांचं म्हणणं, सायकल उभी असतानाच दिसतं, चालताना दिसत नाही. त्यांना कॅरिअरवर अर्धी जागा वाढवून दिली.

करुणा प्रमोदवर उखडली. "आवो, ही सायकल हाय का गावाची मतदार यादी? पोरीच्या दप्तराला जागा न्हाई, नावाला हाय!"

"जाऊ दे ना," प्रमोद म्हणाला. "चालून राहिली ना सायकल? नावाचं काय वजन असतं?"

"तुमच्या टेम्पोवर लिहून घ्या मंग!"

"टेम्पो मालकाचा हाय," प्रमोद म्हणाला आणि जेवायला लागला.

हवा

गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर:

*युवा मंडळ: सर्व मान्यवरांना विनंती की सायकलच्या दोन्ही चाकात हवा युवा मंडळाने भरली आहे याची नोंद घ्यावी.*

*ग्यानबा किराणा: हवा काय विकत आणली का*

*युवा मंडळ: पंप आमचा आहे. शंभर टक्के निस्वार्थ.*

*नामाजी कृषी: 🙏🙏 वाद नको. जागा असेल तर लिहा.*

*सत्यभामाबाई: जागा नाही*

*धम्मदीप पेंटर, साखरा: आहे. रिम रिकामी आहे.*

रिम

"रिमवर?" करुणा उठून उभीच राहिली. "अरे, चाक फिरल्यावर कोण वाचंल ते?"

"उभ्या सायकलीत वाचतील, ताई. अन् पक्का ऑइलपेंट मारतो, दोन हात. पावसानं जायाचा न्हाई."

दोन्ही रिमांवर, दोन्ही बाजूंनी, गोल फिरत गेलं: 'हवा सौजन्य: युवा मंडळ'. मागं सगळ्या सभासदांची नावं. रंग वाळल्यावर बोट फिरवलं तर आरशासारखं गुळगुळीत.

पल्लवी सायकल घेऊन वाड्यावस्तीच्या रस्त्यानं एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "आई, ब्रेक जरा घसरल्यासारखा लागतो."

"रंग वला असंल अजून," धम्मदीप डबे बांधत म्हणाला.

सायकलचा ब्रेक म्हणजे रबराचे दोन तुकडे. ते रिमला धरतात म्हणून चाक थांबतं. आता ते युवा मंडळाला धरणार होते.

बाजार

पुसेगावचा आठवडी बाजार. करुणा बटणं आणि अस्तराचं कापड घ्यायला आली होती. शाळा सुटायची वेळ होती, म्हणजे पल्लवी बाजाराच्या उतारानं येणार.

आधी घंटी ऐकू आली. अखंड. ग्यानबांच्या घंटीनं आपलं काम चोख केलं. लोक बाजूला झाले. मेथीवाली बाजूला झाली, कुत्रं बाजूला झालं. शंकरसिंगचा अंड्यांचा गाडा बाजूला होऊ शकला नाही.

करुणा धावत पोचली तेव्हा पल्लवी उभी होती, कोपर थोडं खरचटलेलं, बाकी धड, अंगभर पिवळी. सायकल गाड्यात रुतली होती. अंड्यांचे ट्रे होते तिथं आता पातळ काहीतरी वाहत होतं.

शंकरसिंगचा आवाज मोठा. "किसकी सायकल है? कोणाची सायकल हाय ही? बोल!"

आता पल्लवी घाबरलेली. घाबरलेल्या माणसाला जे पाठ असतं तेच तोंडून येतं. तिनं हात बाजूला सरळ सोडले, मान वर केली, आणि स्पर्धेतला आवाज लावला:

"या सायकलीसाठी ज्यांनी सढळ हातानं मदत केली ते आमच्या गावचे दानशूर आदरणीय नामाजीकाका! आदरणीय सत्यभामाबाई! आदरणीय ग्यानबाकाका!..."

बाजार थांबला. लोकांनी मोबाइल काढले. अंड्याचं पाणी सायकलवरून ओघळत होतं आणि पल्लवी एकेक आदरणीय घेत होती, त्या दिवशीच्याच क्रमानं, एकही न गाळता. शेवटी 'हवेसाठी युवा मंडळ' आलं तेव्हा कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

शंकरसिंगनं खाली वाकून चेनकव्हर वाचलं. नंबर लावला. फोन स्पीकरवर ठेवला.

"नामाजी का? तुमच्या सायकलनं माझी अंडी फोडली."

"माझी कशी? सायकल गावानं दिली. मी निस्तं चेनकव्हर."

"नाव तुमचं हाय."

"चेनकव्हर लागलं का अंड्याला? बराबर बघा. पुढं कोणाचं हाय ते बघा!"

पुढं सत्यभामाबाईंची पाटी होती, नंबरसकट. त्यांनी शांतपणे विचारलं, "टोपलीत किती अंडी पडली?"

"दोन."

"फुटली?"

"न्हाई."

"मंग आमच्या टोपलीनं वाचवलीच की हो तुमची अंडी."

ग्यानबांचा सवाल एकच. "घंटी वाजली का?"

"वाजली."

"मंग आमचं काम बराबर." फोन बंद.

युवा मंडळाच्या अध्यक्षानं जरा विचार केला. "आमी हवा दिली, दादा. हवा गेली का? न्हाई ना? मंग?"

करुणा अस्तराचं कापड कमरेला खोचून फोनजवळ आली. "हवा न्हाई गेली, तुमची अक्कल गेली! लेकरू गाडीखाली गेलं असतं म्हंजे तिथंबी सौजन्य लिहिलं असतं का? द्यायचं होतं तर द्यायचं होतं! लेकराचं नाव एवढ्या सायकलवर एका जागी न्हाई, अन् तुमच्या नावानं माझ्या लेकराचा ब्रेक लागेना!"

शंकरसिंगनं मिशीवरचा हात खाली घेतला.

"उद्या येतो तुमच्या गावात," तो फोनला म्हणाला. "ज्याचं ज्याचं नाव हाय त्याच्या त्याच्या दारात उभा राहतो. अंड्याचे ट्रे सोबत आणतो. ये सायकल पे जितने नाम, उतने मालिक."

फोन ठेवल्यावर तो करुणाकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई, पोरगी बोलती मस्त."

ताडपत्री

घरी आल्यावर प्रमोदनं कोपराला हळद लावली आणि पहिल्यांदाच 'जाऊ दे' म्हणाला नाही. म्हणाला, "उद्यापासून सायकल बंद. ब्रेक न्हाई अशा गाडीवर मी पोरीला धाडणार न्हाई. तिला घरीच बसू दे."

करुणाच्या टोपलीतलं बटणांचं पाकीट पल्लवीनं उचललं, फोडलं, आणि एकेक बटण वेगळं करत बसली. ते करुणाला अंड्यांपेक्षा जास्त लागलं.

दिवेलागणीला दारात खाकरण्याचा आवाज आला. नामाजी होते. हातात पॉलिशपेपर.

"बाजारातला व्हिडिओ लई फिरून राहिला," ते म्हणाले. "माझ्या मेव्हण्यानं पुण्याहून धाडला. करुणा, नाव असं लिहायला नव्हतं पाहिजे. दान कसं, या हाताचं त्या हाताला कळू नये."

"या हाताचा नंबर शंकरसिंगला कळला, काका."

नामाजी उकिडवे बसले आणि गोगलगायीच्या औषधापासून खरवडायला लागले. ते संपवेस्तोवर ग्यानबा रॉकेलची बाटली घेऊन आले. सत्यभामाबाईंनी गड्याकडून पाटी उपसून घेतली आणि पदराखाली झाकून नेली. युवा मंडळ सगळं आलं. दोन्ही चाकं काढून अंगणात घेतली आणि ज्यानं त्यानं आपापलं नाव शोधून घासलं. एकाला आपलं सापडेना, तर त्यानं दुसऱ्याचं घासलं. रिमचं पांढरं लोखंड उघडं पडलं.

जाताना नामाजींनी विचारलं, "तो शंकरसिंग सकाळी येतोच म्हणत होता का?"

"ट्रे घेऊन," करुणा म्हणाली.

तिनं हे सांगितलं नाही, की शंकरसिंगच्या गाड्यावरची फाटकी ताडपत्री ती अंड्यांच्या बदल्यात नवी शिवून देणार म्हणून बाजारातच ठरलं होतं, आणि तो माणूस येणार नव्हता. नामाजींचं दुकान दुसऱ्या दिवशी दिवसभर बंद राहिलं.

ब्रेक

पल्लवीची आठवी चालू राहिली. थंडीत विभागाच्या स्पर्धेत पहिली आली. या वेळी तिचं भाषण कोणी थांबवलं नाही.

त्याच आठवड्यात धम्मदीप पेंटर डबे घेऊन दारात हजर. मागं, रस्त्याच्या पलीकडं, नामाजी उगाच बाभळीकडं बघत उभे.

"ताई, सायकल एकदम मोकळी दिसती. नामाजीकाका म्हणले, आता ती गोष्ट जुनी झाली. बारीक लिहितो. चेनकव्हरवरच."

करुणानं मशीन थांबवलं नाही. "लिही की. मोठं लिही. निस्ता पल्लवीचा ब्रेक आजकाल पुन्हा घसरून राहिला, तेवढं काकाला सांग. अन् उद्या बाजार हाय."

धम्मदीपनं रस्त्यापलीकडं पाहिलं. बाभळीखाली कोणी नव्हतं. त्यानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

तेवढ्यात घंटी वाजली, आणि पल्लवी भरधाव येऊन उंबऱ्यापासून वीतभर अंतरावर कच्चकन थांबली. धूळ उडाली, चाक जागचं हललं नाही.

"आई, ब्रेक बघितलास का? कसा..."

"गप," करुणा म्हणाली. "आत जा, हात-पाय धू."