जुन्या मशीनवर चालवून दाखवा

अश्विनने लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमधली, म्हणजे गाभ्यातली, एक फालतू सूचना काढून टाकली, आणि त्यापायी त्याला भर दुपारी कामठीला सासुरवाडी गाठावी लागली.

कर्नलमध्ये एक कंपायलर असतो. तो छोटे प्रोग्राम ऐनवेळी यंत्राच्या भाषेत उतरवतो. जुन्या ३२-बिट मशीनसाठी उतरवताना तो एकच जागा दोनदा शून्य करत होता. नंदनवनातल्या घरात एकट्याने तीन आठवडे घालवून अश्विनने हे शोधलं, दुसरी सूचना काढली आणि बदल कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवला. सकाळी तपासणाऱ्या बाईंचं उत्तर आलं: छान, पण खऱ्या जुन्या मशीनवर चालवून दाखवा.

तसा जुना लॅपटॉप घरात एकच होता, आणि तो बायकोने, कामिनीने, माहेरी नेला होता. पाय मोडलेल्या आईला भजनं ऐकवायला. त्याला दोन महिने झाले. जाताना अश्विन मोठ्या मनाने म्हणाला होता, आरामात राहा. पाय केव्हाच बरा झाला, पण आता 'ये' म्हणायला त्याची जीभ रेटेना. रोज फोनवर दोघं नळाच्या पाण्याविषयी बोलत. फोन ठेवला की तो तिची उशी उगाच थोपटून सरळ करी.

शेअर ऑटोने तो पोचला. दार सासूबाईंनीच उघडलं.

"या जावईबापू. पोरगी तुमचीच वाट पाहून राहिली."

लॅपटॉपचं सांगायला त्याने तोंड उघडलं, तर त्यात पेढा आला. मग जावई न्यायला आला असं समजून शेजारच्या सिंधूताई कामिनीला निरोप द्यायला आल्या. पाटवडीचा रस्सा झाला, ओटी भरून झाली. समोर टेबलावर लॅपटॉपमध्ये भजन चालू होतं, अश्विन रस्सा ओरपत त्याच्याकडे बघत होता. तेवढ्यात कामिनी नवी साडी नेसून बाहेर आली, आणि लॅपटॉप मागायची सोयच उरली नाही.

परतीच्या ऑटोत ती त्याला खेटून बसली. म्हणाली, "लॅपटॉप बॅगेत आहे. वरतीच ठेवला."

अश्विनचा चेहरा पडला. "तुले कसं कळलं?"

"जेवताना त्याच्याकडेच तर पाहून राहिला होता."

"मग तू आली काहून?"

कामिनीने पदर सावरला. "बॅग वीस दिवसांपासून भरूनच होती. तू लॅपटॉपसाठी आला काय, अन् चार्जरसाठी आला काय. आला ना."