कमळीच्या झबल्याची पिवळी लेस

हुमनाबादेत माझ्याइतकी रंगातली जाणकार बाई शोधून दाखवा! बाजारातला पुडीचा रंग मी घरात येऊ देत न्हाई. पाला, फुलं, साली, जे हाताला लागेल त्यातनं रंग काढीन. एवढं ठणकावून मी नवऱ्याला सांगितलं, अन् बसवंतप्पा नुसते हसले. ते हसले की मला जास्तच चेव येतो.

काम होतं लेसच्या दोऱ्याचं. माझी धाकटी जाऊ सिद्धम्मा क्रोशाच्या सुईनं अशी जाळी विणायची, की बघतच राहावं. माझा दीर शरणप्पा, तिचा नवरा, निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली तापानं गेला. तवा त्यांची कमळी पाळण्यात होती. आता सिद्धम्माचं करजगीला दुसरं लग्न ठरायलं होतं. आमच्यात त्याला उडकी म्हणतात. विधवेचा संसार पुन्हा उभा राहतो, चांगलंच आहे. पण पहिलं लेकरू पहिल्या घरी राहतं. म्हणजे कमळी आमच्याकडं. मला मूलबाळ न्हाई. बाया म्हणायच्या, "गुरुबाई, देवानं तुला आयतं लेकरू दिलं की गं!"

दिलं खरं. पण सिद्धम्माचं जेवण तुटलं होतं. कमळी झोपली तरी ही बया तिला थोपटतच बसायची. ते मला बघवंना झालं. मी मनाशी ठरवलं, करजगीची सासू बघायला येईल तवा कमळीला असं नटवायचं, असं नटवायचं, की म्हातारीनंच म्हणावं, "ही पोरगी बी द्या!" सिद्धम्माला सांगितलं, तू लेस विण, रंगाचं माझ्याकडं लागलं!

आधी बाभळीची साल उकळली. दोरा निघाला डबक्यातल्या पाण्यासारखा. मग डाळिंबाच्या साली उकळल्या, अन् त्या बी लोखंडी कढईत! दोरा काळा कुळकुळीत. त्याच कढईत मी भाजी केली, अन् बसवंतप्पांची जीभ काळी झाली. दुकानात गिऱ्हाईक इचारायलं, "मालक, शाई पिलात का?"

घरी येऊन ओरडले, "कामून हे धंदे करायलीस? पोरीला नटवायचंय का भुताला?"

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" मी म्हणलं.

शेवटी दोरा तुरटीच्या पाण्यात भिजवला, हळदीत उकळला अन् सावलीत वाळवला. अहाहा! पिवळाधम्मक! सिद्धम्मानं झबल्याच्या गळ्याला अन् बाह्यांना लेस विणली. विणताना ती दोन घास जास्त जेवली. मला वाटलं, जिंकलं!

करजगीची नागम्मा आली. वाळलेल्या खारकेसारखी म्हातारी! आल्या आल्या म्हणाली, "सून आमची. पोरगी तुमच्या घरची, ती तुमच्याकडंच बरी." सिद्धम्मा आत जाऊन चुलीपुढं बसली. तिथं धूर नव्हता, तरी डोळे पुसायली होती.

म्हातारीनं अंघोळ केली, लिंगपूजा केली. ओल्या बोटांवर इभूतीची राख घेऊन तिनं कमळीला हाक मारली. मी पोरीला पुढं ढकललं. म्हातारीनं तीन बोटं कपाळाला लावली, पण कमळी वळवळली, अन् ती बोटं घसरून गळ्याच्या लेसवर आली.

लेसवर तीन लाल रेघा उमटल्या!

"रगत!" म्हातारी किंचाळली. "माझ्या नखानं पोरीचा गळा कापला गं बाई!"

ती जखम हुडकायली, कमळी भोकाड पसरायली, मी साबणाचं पाणी घेऊन धावले. घासलं, तर अख्खी लेस लालभडक! जितकं घासावं तितकं रगत वाढायलं! बसवंतप्पा "डाक्टर! डाक्टर!" करत एका पायात चप्पल घालून रस्त्याला लागले.

अन् तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. हळदीला चुना लावला की कुंकू होतं, हे शेंबड्या पोराला ठाऊक! राख लागली, साबण लागला, तरी हळद लालच होणार. रंगातली जाणकार म्हणे!

"अव्वा, हळद हाय ती, रगत न्हाई," मी कसंबसं म्हणलं.

पण म्हातारीचं माझ्याकडं ध्यानच नव्हतं. हळद लागून तिची बोटं बी लाल झाली होती. कमळीनं रडणं थांबवून तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता, अन् फूं फूं करून फुंकर घालायली होती. "अज्जी, बाऊ झाला? दुखायलंय?"

"मला कोण इचारतंय गं दुखतंय का म्हणून," म्हातारी म्हणाली, अन् तिनं पोरीला मांडीवर ओढलं. जरा वेळानं आत बघून ओरडली, "सिद्धम्मा, हिचे बी कपडे बांध!"

जायच्या दिवशी मोटारीच्या खिडकीतनं कमळी हाका मारायली, "मोठाई, तू बी चल की!"

"येते की, मागच्या मोटारीनं!" मी म्हणलं. एवढं धडधडीत खोटं मी नवऱ्याशी बी कधी बोलले नव्हते.

बसवंतप्पा दाराशी आल्यावर म्हणाले, "मला एकदा इचारायचं तरी. मला वाटलं होतं, ती राहील."

"इचारलं असतं तर काय म्हणला असता?"

"न्हाई म्हणलो असतो."

"म्हणूनच न्हाई इचारलं. तुम्ही न्हाई म्हणला असता, अन् पोरीला ठेवून घ्यायला मला तेवढंच निमित्त पुरलं असतं."

मग दोघं बी उंबऱ्यावर बसून रडलो. शेजारची बाणूबाई पळत आली. "कोण गेलं गं, गुरुबाई?"

"कुणी न्हाई गं! आमच्या कमळीचं लई चांगलं झालं!" एवढं सांगितलं, अन् पुन्हा गळा काढला. बाणूबाईला काय वाटलं असंल, देव जाणे!