बाद म्हणजे बसलाय

साथीच्या दिवसांत आमच्या समोरच्या फ्लॅटमधील श्री. दामोदर गांगुर्डे हे वाण्याच्या दुकानात ‘कबड्डी, कबड्डी, कबड्डी’ असा अखंड घोष करीत शिरत असत. प्रथम दुकानाच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावायचा, मग छातीभर श्वास घ्यायचा आणि दम धरून थेट आत चढाई. डाळ, साबण, चहापत्ती यांच्याकडे नुसते बोट दाखवायचे, पिशवी उचलायची आणि दम तुटण्यापूर्वी रस्त्यावर परत. एकदा वाण्याने मध्येच विचारले, “काका, गूळ पिवळा की काळा?” गांगुर्डे उत्तर न देता बाहेर पळाले, रस्त्यावर श्वास घेतला, “काळा!” असे ओरडले आणि पुन्हा आत चढाईला गेले.

“इषाणू आत जाणार कसा, नाझरसाहेब?” ते मला विचारीत. “दम चालू असला का श्वास निस्ता भाईर. त्याला आत यायला वाटच नाय.”

दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून ज्याची हयात गेली, त्याच्यासमोर हा युक्तिवाद टिकणे अशक्य होते. मी त्यांना लेखी कळविले की, सदर उपायाने चढाई करणाऱ्याचे रक्षण होत असले, तरी त्याचा संपूर्ण श्वास वाणी या त्रयस्थ पक्षाच्या अंगावर जातो. सबब हा निष्काळजीपणा आहे. दुसऱ्या दिवशी गांगुर्डे तोंडावर दोन मास्क चढवून तोच घोष करीत दुकानात गेले. कायद्याचे आणि स्वतःच्या स्वभावाचे एकाच वेळी इतके काटेकोर पालन करणारा नागरिक मी दुसरा पाहिलेला नाही.

गांगुर्डे मूळचे दिंडोरीकडचे. अंबडच्या कारखान्यात नोकरी केली, पण जीव कबड्डीत. तरुणपणी गावोगावच्या सामन्यांसाठी ते मैदानावर चुन्याच्या रेघा आखीत. पुढे मातीची मैदाने जाऊन चटया आल्या, तेव्हा ते चटईवाले झाले. व्यावसायिक स्पर्धा असली की रबरी चटईचे तुकडे एकमेकांत बसवायचे आणि खेळ थांबला की धावत जाऊन खेळाडूंचा घाम पुसायचा, हे त्यांचे काम. टीव्हीवर ते दिसत, पण चटई पुसून होईल तेवढाच वेळ.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो आणि त्याच्या संघाने समोरचा गडी टिपला की पुन्हा उठतो. या एका नियमावर गांगुर्ड्यांनी आपले सारे तत्त्वज्ञान उभारले होते. “बाद म्हणजे मेला नव्हं. बसलाय.” सोसायटीची लिफ्ट बंद पडली, तरी हेच. पेन्शनविषयीचे माझे अपील फेटाळले गेले, तेव्हाही हेच: “बसलंय ते नाझरसाहेब. उठंल.” आणि हे बोलताना ते स्वतःच्या उजव्या मांडीवर अशी थाप मारीत की सबंध जिना दणाणावा. या आवाजाविषयी मी सोसायटीकडे रीतसर लेखी तक्रार केलेली आहे. तिची पोच मजजवळ आहे.

साथ चालू असतानाच स्पर्धा भरली. परराज्यातील एका मोठ्या हॉटेलात खेळाडू, पंच, स्वयंपाकी, चटईवाले अशा सर्वांना, गांगुर्ड्यांसकट, कोंडण्यात आले. बाहेर पडेल त्याला पुन्हा प्रवेश नाही, असा नियम. खेळ शिवाशिवीचा आणि कायदा शिवू नका म्हणणारा! चटई पुसणाऱ्यांनी तर नखशिखान्त पांढरा पोशाख घालावयाचा आणि खेळाडूपासून दूर राहावयाचे. बाद होऊन येणाऱ्या पोराच्या पाठीवर हात ठेवायची गांगुर्ड्यांची सवय अशा रीतीने नियमबाह्य ठरली.

आणि इकडे त्यांच्या पत्नीस, लीलावहिनींना, आजाराने गाठले. फ्लॅटच्या दाराला महापालिकेचा विलगीकरणाचा कागद चिकटला. हवेसाठी त्यांची जिन्याकडची खिडकी उघडी असे, त्यामुळे नवराबायकोचे फोनवरील बोलणे मला अनिच्छेने ऐकावे लागे.

“येऊन काय करणार तुम्ही?” वहिनी खोकत म्हणाल्या. “दाराबाहेरच बसवतील. त्यापेक्षा तिथंच ऱ्हावा. टीव्हीत तरी दिसाल.”

सेक्रेटरींनी त्यांच्या दारातला कचरा उचलणे बंद करविले. मी पत्र धाडले, कलमे उद्धृत केली, न्यायालयाचा धाक घातला. कचरा दुसऱ्याच सकाळी उचलला गेला. त्याच सुमारास मी महापालिकेकडे डासांविषयीही तक्रार केली. कारण संध्याकाळी सामना सुरू असताना वहिनींच्या खिडकीतून मधूनमधून ‘थप’ असा आवाज येई. आजारी बाईस डास मारीत बसावे लागते, याचा मला मनस्वी संताप आला होता.

एके दिवशी सामन्याच्या जरा आधी गांगुर्ड्यांचा फोन आला.

“नाझरसाहेब, बाद केलं मला.”

“कारण काय दिले?”

“मांडी.”

“नीट सांगा.”

“चटई पुसून झाली का कॅमेऱ्याकडं बघून मांडीवर थाप मारायचो. साहेब म्हणतो, सट्टेवाल्यांना इशारा करतो. खोलीत बसवलंय. उद्या घरी धाडणार, पुन्हा कधी घेणार नाय.”

“थाप कोणासाठी होती, हे सांगितले का?”

“घरगुती बाब हाय, म्हणालो.”

संशयित इसमाने देऊ नये असे जर एखादे उत्तर असेल, तर ते हेच. मी त्यांना तसे सुनावले.

तेव्हा ते म्हणाले, “ती बसलीये ना तिकडं एकटी. बसलेल्या गड्याला कुणीतरी सांगावं लागतं, उठवतो म्हणून. बायकोसाठी मांडी थोपटली, असं चारचौघांत कसं सांगू? आन आज मी टीव्हीत दिसणार नाय, नाझरसाहेब. फोनवर माझा आवाज ऐकून तिला सगळं कळंल. धसका घेईल ती.”

तेव्हा मला डासांचा उलगडा झाला.

गांगुर्ड्यांकडून नंबर घेऊन मी तत्काळ त्या साहेबांना फोन लावला. त्यांच्या हुद्द्यातच ‘सचोटी’ हा शब्द होता. मी प्रथम त्यांना नैसर्गिक न्यायाचे तत्त्व समजावले.

“अंकल, हमारे पास फुटेज है,” ते म्हणाले. “आपके पास क्या है?”

“साक्षीदार.”

“कौन?”

“ठहरिए.”

दोन मास्क चढवून, फोन हातात चालू ठेवून मी जिन्यात वहिनींच्या खिडकीपासून नियमानुसार अंतर राखून उभा राहिलो. आत सामना सुरू झाला होता. खेळ थांबला. पांढऱ्या पोशाखातला कोणी दुसराच माणूस चटई पुसून गेला असावा, कारण आतून बारीकसा आवाज आला, “अहो?”

टीव्हीला उद्देशून कोणी ‘अहो’ म्हटलेले मी प्रथमच ऐकले.

मी उभ्या आयुष्यात कधी मांडी थोपटलेली नव्हती. पहिली थाप लेंग्यातच विरली. दुसरी मी सर्व शक्तीनिशी मारली. हात झिणझिणला. आतून खोकला. आणि मग स्पष्ट, खणखणीत: थप!

“सुना आपने?” मी गरजलो. “ये उसकी बीमार बीवी का जवाब है. इतनाही सट्टा है! और स्वतःची मांडी थोपटने पर किस कलम के नीचे बंदी है, ये मुझे लिखित में बताइए!”

पलीकडून ते हसले, पण कुचेष्टेने नव्हे. “लिखित में रहने दीजिए, अंकल. कल से काम पर भेजता हूँ.”

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे मैदानात धावत आले, चटई पुसली आणि सर्व देशाच्या देखत मांडीवर अशी थाप मारली की समालोचकही क्षणभर अडखळला. पुढे चषक कोणत्या संघाने उंचावला, हे मला आठवत नाही. माझे लक्ष फडके घेऊन परत पळणाऱ्या माणसाकडे होते. हा गृहस्थ माझा शेजारी आहे, असे मी त्या आठवड्यात पोस्टमनपासून सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकास सांगितले.

स्पर्धा संपवून ते परतले, तेव्हा दारावरचा कागद निघाला होता. उंबऱ्याला हात लावून तो त्यांनी कपाळाला लावला आणि आत डोकावून विचारले, “उठली का?”

“कवाच!” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हसल्या. “नाझरभाऊजी, त्या दिवशीची थाप यांची नव्हती, हे मला लगेच कळलं होतं बरं का. मांडीवर नाय, हाडावर वाजली ती.”

“मग आपण उत्तर का दिलेत?”

“म्हटलं, कुणीतरी बसलंय भाईर. एकटंच.”



हल्ली मी पत्रे टाकण्यास पोस्टात निघालो, की जिना उतरताना मागून समोरच्या दारातून थाप ऐकू येते. कधी त्यांची, कधी वहिनींची. सबंध जिना दणाणतो. सोसायटीकडे केलेली माझी ती जुनी तक्रार मी बिनशर्त मागे घेतली आहे.